दर लाखी किती, ते आपणच सांगा

श्री. रा. रा. मृत्युदर (प्रोस्टेट कर्करोग, वयप्रमाणित, दर लाख पुरुषांमागे) यांसी,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या नावाने अहवाल निघतात, नकाशे रंगतात, परिषदा भरतात, पण आपल्याला थेट पत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही. मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात लेखनिक होतो, आता निवृत्त आहे. ज्या कागदांच्या बेरजेतून आपण जन्माला येता, त्यांतले काही माझ्या टेबलावरून गेले आहेत, चहाच्या डागांसकट. तेवढ्या जुन्या ओळखीवर लिहितो आहे. उत्तराची घाई नाही.

आपलं बरं चाललं आहे असं कळतं. (सवयीने लिहून गेलो. आपलं बरं म्हणजे बाकीच्यांचं काय ते उघडच आहे.) 2022 सालचा जागतिक अंदाज असा की, त्या एका वर्षात सुमारे 14 लाख 70 हजार पुरुषांना हा रोग नव्याने निघाला आणि जवळजवळ 4 लाख दगावले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये पुढचा हिशेब मांडला: 2040 पर्यंत वर्षाला 29 लाख नवे रुग्ण आणि 7 लाखांच्या घरात मृत्यू. कारण गूढ नाही. पूर्वी देवी, पटकी, क्षय माणसाला आधीच घेऊन जात. आता गरीब देशांतले पुरुषही सत्तरी-पंचाहत्तरी गाठतात आणि हा आजार त्या वळणावर बसलेला असतो.

गंमत अशी की मृत्यू वाढले तरी आपण खाली उतरू शकता. आपण वयप्रमाणित आहात ना. 1960 साली मित्सुओ सेगी नावाच्या जपानी संशोधकाने एक काल्पनिक लोकसंख्या मांडली, पुढे ती थोडी सुधारली गेली, आणि आजही जगातले देश तिच्यावर ताडून मोजतात. त्या काल्पनिक गावात म्हातारे फार थोडे आहेत. तुलनेसाठी हे योग्यच, माझी तक्रार नाही. फक्त एवढंच, की ज्यांच्या जिवावर आपण जगता त्या म्हाताऱ्यांनाच त्या गावात कमीत कमी घरं दिलेली आहेत.

आता थोडं घरगुती बोलतो. आपले थोरले बंधू, म्हणजे नव्या रुग्णांचा दर, आणि आपण एका छपराखाली राहत नाही, हे जगजाहीर आहे. बंधूंचा मुक्काम उत्तर युरोप, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका इथे, जिथे तपासणी पुष्कळ होते. आपण मात्र वस्तीला असता कॅरिबियन बेटांवर आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. जिथे रोग जास्त सापडतो तिथे माणसं कमी मरतात, आणि जिथे माणसं जास्त मरतात तिथे बहुतेक ठिकाणी तो म्हणावा तसा सापडत नाही. नुसता आपला नकाशा पाहणाऱ्याला वाटावं, सगळं त्या मातीत किंवा रक्तातच आहे.

रक्तात काही आहे, हे मी नाकारत नाही. अमेरिकेतले काळे पुरुष गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात या रोगाने मरतात, आणि त्याचं सगळं खापर दवाखान्याच्या अंतरावर फोडता येत नाही. मातीतही कुठे कुठे आहे. ग्वादलुप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांवर केळीच्या बागांत 1972 ते 1993 क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक मारलं. ते मातीत अजून आहे आणि तिथल्या बहुतेक प्रौढांच्या रक्तातही. 2021 मध्ये फ्रान्सने या विषाशी संबंध आलेल्या शेतमजुरांचा प्रोस्टेट कर्करोग व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला. पण जमैका आणि बार्बाडोसलाही आपण ठाण मांडून आहात, तेव्हा सगळा दोष केळीवर ढकलून सुटता येणार नाही.

सर्वांत जास्त रागवायचं आहे ते अमेरिकेवरून. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आपण तिथे लाखाला 39 च्या आसपास होतात. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत निम्म्यावर आलात. याच काळात पीएसए ही रक्ताची तपासणी तिथे घरोघर पोचली होती. 1986 मध्ये ती निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवायला मंजूर झाली, 1994 मध्ये रोग शोधायलाही. लोकांनी दोन आणि दोन चार केले. मग 2002 साली सिअ‍ॅटल आणि कनेक्टिकट यांची तुलना छापून आली. सिअ‍ॅटलच्या बाजूला म्हाताऱ्यांची पीएसए तपासणी कनेक्टिकटच्या पाचपटीहून अधिक, शस्त्रक्रियाही कितीतरी जास्त. अकरा वर्षं पाहिलं तरी आपण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच! इकडे ऑस्ट्रियात टायरॉल प्रांताने 1993 पासून 45 ते 75 वयाच्या पुरुषांना ही तपासणी फुकट दिली, आणि तिथे आपण उरलेल्या ऑस्ट्रियापेक्षा जास्त घसरलात. टीकाकार म्हणाले, इतक्या लवकर तपासणीचा गुण दिसत नसतो, उपचार सुधारले असतील. साहेब, एका कचेरीत एक जबाब आणि दुसऱ्या कचेरीत दुसरा, असं आमच्या खात्यात कुणी केलं असतं तर कारणे दाखवा नोटीस निघाली असती.

युरोपातल्या मोठ्या चाचणीने शेवटी आपल्याकडून थोडं खरं वदवून घेतलं. 2009 मध्ये पीएसए तपासणीच्या गटात या रोगाचे मृत्यू 20 टक्के कमी दिसले. तेवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, 2025 मध्ये, ते 13 टक्के कमी निघाले. 456 जणांना तपासणीला बोलवावं तेव्हा एक मृत्यू टळतो. ज्याचा टळला त्याच्या घरी विचाराल तर हा आकडा लहान वाटणार नाही. आणि जे विनाकारण कापले गेले, ज्यांना पुढे आयुष्यभर लघवी आवरेना, त्यांच्या घरी विचाराल तर वेगळं ऐकाल. ब्रिटनमध्ये प्राथमिक अवस्थेतल्या 1,643 जणांना कुणाला शस्त्रक्रिया, कुणाला किरण, कुणाला नुसती देखरेख असं चिठ्ठ्या टाकून वाटून दिलं, तर पंधरा वर्षांनंतरही सुमारे 97 टक्के या रोगाने मेले नव्हते, गट कोणताही असो. म्हणजे आपण काही सगळ्यांनाच नेत नाही. कुणाला नेणार ते मात्र आगाऊ सांगत नाही, हीच सगळी अडचण आहे.

ब्रिटनचा विषय निघालाच आहे तर, माझा पुतण्या लेस्टरला असतो. तिथे पन्नाशीनंतर पुरुषाने जीपीकडे (घरच्या डॉक्टरकडे) जाऊन फायदे-तोटे समजून घेतले आणि तरी हवी म्हटली तर पीएसए फुकट होते. त्याने मला इंग्लंडमधला हिशेब कळवला: जन्मभरात हा रोग गोऱ्यांपैकी आठात एकाला निघतो, काळ्यांपैकी चारात एकाला, आमच्यासारख्या आशियाई वंशाच्यांपैकी तेरात एकाला. ऐकून बरं वाटलं. पण त्याच हिशेबातली पुढची ओळ अशी की, एकदा रोग निघाला की त्याने मरण्याची शक्यता तिघांचीही साधारण सारखीच, तिनात एक. तेव्हा ‘आपल्यात नसतं हे’ असं जे आमच्याकडे पारावर म्हणतात, ते निम्मंच खरं. ब्रिटनमध्येच 2024 मध्ये जाहीर झालं की स्कॉटलंडमध्ये 35 टक्के पुरुषांचं निदान रोग पसरल्यावर होतं आणि लंडनमध्ये साडेबारा टक्क्यांचं. एकच राज्य, दोन्हीकडे आरोग्यसेवा फुकट, आणि तरीही एवढी तफावत.

आता आमच्या घरचं गाऱ्हाणं. भारतात 2022 सालचा अंदाज सुमारे 38 हजार नवे रुग्ण आणि 18 हजार मृत्यू. दर लाखी पाहिलं तर जगाच्या तळाला, आणि त्यावर आम्ही खूश. पण नव्या रुग्णांच्या मानाने मृत्यू जवळजवळ निम्मे, हे प्रमाण पाहून खुशी टिकत नाही. इथे सापडतो तो पुष्कळदा हाडात पोचलेला. आणि जो सापडतच नाही, त्याचा हिशेब आपल्या पुस्तकात कुठे आहे?

मुंबईत 1963 साली कर्करोग नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली. आणि ग्रामीण भारतातली पहिली सुरू झाली आमच्या शेजारी, बार्शीला, 1987 मध्ये. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत नोंदणीची माणसं गावोगाव जायची, घरी बसून विचारायची, गाठ आहे का, रक्त जातं का, दवाखान्यात चला म्हणायची. आमचा तालुका त्यात नव्हता, याचा मला अजून मत्सर वाटतो. बार्शीच्या खेड्यांत नव्या रुग्णांचा दर अगदी बारीक आहे, आणि दिल्ली-मुंबईत त्याच्या कित्येक पट. खेड्यातलं राहणं, खाणं, कष्ट यांचा वाटा असेलच. पण खेड्यातला म्हातारा रात्री चार वेळा उठतो, त्याला म्हातारपण म्हणतात. कंबर धरली की मणक्यात गॅप म्हणतात. अशा माणसाची पीएसए कोण करणार?

आमच्या गावात एक गुरुजी होते. अर्ध्या गावाला पाढे त्यांनीच शिकवले. त्यांची कंबर धरली. आधी तेल, मग शेक, मग कमरेचा पट्टा, मग कुणीतरी सांगितलेला हाडवैद्य. चालणं बंद झालं तेव्हा सोलापूरला नेलं. रोग मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: ठरावीक महिन्यांनी महागडं इंजेक्शन, नाहीतर अंडकोष काढून टाकणं. शिकागोच्या चार्ल्स हगिन्सने 1941 मध्ये दाखवून दिलं होतं की पुरुषी संप्रेरक तोडलं की हा रोग मागे हटतो. त्याला 1966 चं नोबेलही मिळालं. गुरुजींच्या मुलाला ना हगिन्स ठाऊक होता ना नोबेल, इंजेक्शनची किंमत तेवढी कळली. त्याने सही केली आणि गावात सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. गुरुजी पुढे दीड-दोन वर्षं बरे होते, काठी टेकत देवळापर्यंत यायचे. गेले ते घरीच. मुलगा नोंदणीला आला. नमुना नंबर 2 मध्ये कारणाच्या जागी त्याने सांगितलं, वृद्धापकाळ. मागे रांग होती. मी वर पाहिलं, तर तो म्हणाला, “वयच झालं होतं, भाऊसाहेब.” डॉक्टरचा नमुना 4 अ जोडलेला नव्हता. वृद्धापकाळ लिहिलं गेलं.

रा. रा. मृत्युदर, त्या दिवशी आपण आमच्या गावात एका माणसाने कमी झालात. याबद्दल आपले आभार मानावेत की काय करावं, मला समजलेलं नाही.

बरं, लपवण्याची गरजही नव्हती. 1969 च्या नोंदणी कायद्यातच आहे की मृत्यूच्या दाखल्यावर कारण उघड करायचं नाही. कारण रजिस्टरात राहतं, दाखल्यावर उतरत नाही. हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. लोकांना वाटतं, बँकेत, तलाठ्याकडे, विम्याच्या कचेरीत सगळे वाचणार. आणि जिथे डॉक्टर लिहितात तिथेही ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहून मोकळे होतात. फॉर्मच्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की मरण कसं आलं ते नको, कोणत्या आजाराने आलं ते लिहा. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं, त्यात नोंदण्यासारखं काय? 2020 च्या सरकारी अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांना डॉक्टरने कारण प्रमाणित केलं होतं. गोव्यात ही रीत जवळजवळ पूर्ण पाळली जाते. इतरत्र आपण अंदाजपंचे उभे आहात, मॉडेलच्या आधाराने. दोष आपला नाही हे मान्य. पण आपण पुढे दोन दशांश चिन्हांपर्यंत ऐटीत छापले जाता, हे बरं नव्हे.

तेव्हा विनंती एवढीच. भारताच्या नकाशावर फिकट रंग लावून आम्हाला निर्धास्त करू नका. त्या रंगाशेजारी एक बारीक ओळ टाका, की किती मृत्यूंचं कारण कुणी तपासून लिहिलं. मीही सगळ्यांना पीएसए करा म्हणत सुटणार नाही, सिअ‍ॅटलचं वाचलं आहे. पण सत्तरीच्या माणसाच्या कमरेला पट्टा बांधण्याआधी कुणी त्याला लघवीचं विचारलं, आणि त्याने सुनेसमोर लाजून ‘काही नाही’ म्हटलं तर त्याला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, तर बरं होईल. यामुळे काही वर्षं आपण आमच्याकडे वाढलेले दिसाल. वर्तमानपत्रं ओरडतील, विधानसभेत कुणी लक्षवेधी मांडेल. दिसा खुशाल, मी आपली बाजू घेईन. नंतर अमेरिकेत उतरलात तसे इथेही हळूहळू उतरा, आणि इथे तरी कारण एकच सांगा.

कळावे. आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत न व्हावा ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लेखनिक, जन्म-मृत्यू विभाग