ओळखीचा जंतू

उपाशीपोटी बरगड्यांच्या खाली मधोमध कळ यायची आणि दोन घास पोटात गेले की थोडी शमायची. घरात सगळ्यांनी ते पित्त ठरवून टाकलं होतं. आमसुलाचं सार झालं, रात्रीचं थंड दूध झालं, मेडिकलमधल्या गोळ्याही झाल्या. पशुवैद्याचं जेवण वेळेवर होतच नाही. गाय अडली की भरलं ताट झाकून निघावं लागतं. पण पुढे मळमळ सुरू झाली, वजन उतरलं, तेव्हा दुर्बिणीतून तपासणी करून घेतली.

जठराच्या खालच्या टोकाचं अस्तर लालसर, सुजलेलं होतं. युरिएजची झटपट चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे ज्याचा पहिला संशय होता तो एच. पायलोरी हा जठरातला जंतू नसावा. काढलेले तुकडे पॅथॉलॉजीत गेले. रिपोर्ट आला : दीर्घकालीन जठरदाह, एच. पायलोरी आढळला नाही. ते खरंच होतं. तरी दाह कशाने, हा प्रश्न तसाच राहिला. पॅथॉलॉजिस्ट माझ्या ओळखीच्या. त्यांना म्हटलं, "ताई, स्लाइड मला एकदा बघू द्याल?" त्यांनी तुकड्याचा नवा काप जिम्सा या रंगद्रव्याने रंगवला आणि आम्ही दोघी आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो.

एका तुकड्यात काहीच नव्हतं. दुसऱ्यात, ग्रंथींच्या तोंडाशी साचलेल्या श्लेष्म्यात, चार-दोन जंतू दिसले. एच. पायलोरी आखूड आणि किंचित वाकडा असतो. हे त्याच्या दुपटीहून लांब, घट्ट वेटोळ्यांचे, ताणलेल्या स्प्रिंगसारखे. ताई पुस्तक काढायला उठल्या. मला पुस्तकाची गरज नव्हती. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना कुत्र्यांच्या शवविच्छेदनात जठराचं अस्तर खरवडून काचेवर घेतलं की हेच दिसायचे, आणि तेही ढिगाने. बहुतेक निरोगी कुत्र्या-मांजरांच्या जठरात ते असतातच. आमच्या शास्त्रात ज्याची कुणी दखलही घेत नाही, तो जंतू माणसाच्या स्लाइडवर दुर्मीळ ठरतो. बहुतेक अभ्यासांत जठराच्या शंभर तुकड्यांमागे जेमतेम एखाद्यात तो सापडतो.

खरं तर जठरातल्या जंतूंची ही सगळी कहाणी कुत्र्यापासूनच सुरू झाली. इटलीतल्या तुरिनच्या जुलिओ बित्सोझेरो यांनी १८९३ मध्ये कुत्र्याच्या जठरग्रंथींतले वेटोळे जंतू सविस्तर वर्णन करून, चित्रांसह प्रसिद्ध केले. १८९६ मध्ये ह्यूगो सालोमन यांनी ते मांजरातही पाहिले आणि उंदराच्या पोटात रुजवून दाखवले. तरीही माणसाच्या जठरात, इतक्या आम्लात, जंतू टिकत नाहीत हीच समजूत पुढे कित्येक दशकं चालली. १९८२ मध्ये पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी एच. पायलोरी वाढवून दाखवला, तेव्हा ती मोडली. हे जंतू युरियापासून अमोनिया तयार करतात आणि आपल्याभोवतीचं आम्ल बोथट करून घेतात. २००५ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळालं. त्या प्रकाशझोतात माझ्या स्लाइडवरचे हे लांब भाऊबंद मागेच राहिले. १९८७ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ते माणसात नोंदवले होते, आणि पुढे जर्मन पॅथॉलॉजिस्ट हाइलमान यांच्या नावावरून त्यांना हेलिकोबॅक्टर हाइलमानी म्हणू लागले. आता कळलंय की त्या एका नावाखाली निरनिराळ्या जाती होत्या. कुत्र्या-मांजरांतल्या वेगळ्या, डुकरातली सुइस वेगळी. ही सुइस प्रयोगशाळेत वाढवायला २००८ साल उजाडलं. बेल्जियममधल्या घेंटच्या पशुवैद्यकीय संशोधकांनी ते साधलं. माणसात जे हाइलमानी म्हणून सापडतात त्यांत सुइसचाच वाटा मोठा आहे. डुकराच्या जठरातल्या व्रणांशीही तिचा संबंध जोडला जातो.

माणसात हे जंतू थोडे असतात आणि विरळ, ठिकठिकाणी वस्ती करतात. तुकडा नेमका मोकळ्या जागेचा आला तर झटपट चाचणी निगेटिव्ह येते. एच. पायलोरीसाठी बनवलेल्या शौचाच्या चाचणीतही ते निसटू शकतात. दाह बहुधा सौम्य असतो, पण कधी व्रणही होतात, आणि जठराच्या माल्ट लिम्फोमाशी, म्हणजे एका दुर्मीळ कर्करोगाशी, त्यांचं नातं दिसलेलं आहे. म्हणून 'पित्तच आहे' म्हणून हे सोडून द्यायला माझा ठाम विरोध आहे.

डॉक्टरांनी उपचार एच. पायलोरीचेच दिले : आम्ल रोखणारी गोळी आणि सोबत दोन प्रतिजैविकं. तोंड कडू झालं, पण कळ गेली. नंतरच्या तुकड्यांत जंतू दिसले नाहीत, सूजही उतरली होती.

घरात मात्र वेगळाच वाद पेटला. सासूबाई म्हणाल्या, "आधी त्या कुत्र्याला घराबाहेर काढ." माझा जंतू आमच्या कुत्र्याकडूनच आला, हे म्हणायला दोघांच्या जंतूंची जनुकं जुळवून बघावी लागतात. आणि माझे हात तर रोज कितीतरी जनावरांच्या तोंडात असतात. निरोगी कुत्र्याला यासाठी औषध देण्यात अर्थ नाही. जंतू पुन्हा येतो आणि प्रतिजैविकं मात्र वाया जातात. तोंड चाटू न देणं, हात साबणाने धुणं एवढं मी घरात सक्तीचं केलं. कुत्रा आहे तिथेच आहे, आणि त्याबद्दल मी कुणाचं ऐकणार नाही.

खंत आहे ती दुसरीच. त्या सगळ्या तपासण्यांच्या काळात तिखट किती खाता, चहा किती घेता, जागरण होतं का, हे सगळं मला विचारलं गेलं. घरात किंवा कामात जनावरं आहेत का, हे कुठल्याच फॉर्मवर नव्हतं. माणसाचा डॉक्टर आणि जनावरांचा डॉक्टर एकाच तालुक्यात, कधी एकाच रस्त्यावर बसतात, आणि एकमेकांच्या स्लाइड कधी बघत नाहीत.

परवा आमच्या भागातले एक वराहपालक पिलांच्या जुलाबाचं औषध न्यायला आले होते. बोलता बोलता त्यांनी पोटावर हात ठेवला. तीच कळ, तीच उपाशीपोटीची, आणि चाचणी निगेटिव्ह. दुर्बिणीची तारीख ठरलेली होती. मी चिठ्ठी लिहून दिली : 'रुग्ण रोज डुकरांत काम करतो. कृपया एकापेक्षा जास्त जागांचे तुकडे घ्यावेत, जिम्साने रंगवावेत आणि हेलिकोबॅक्टर सुइस आहे का ते पाहावं.' खाली माझा फोन नंबर लिहिला आणि म्हटलं, "डॉक्टरांना सांगा, स्लाइड बघायला मी येते."