सिंदखेडराजाची वाट आणि पेटीतली बाराबंदी

मैत्रिणींनो, शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला तुमच्यापैकी पुष्कळ जणी येऊन गेल्या असतील. तिथून सातपुड्याच्या बाजूला निघालात की संग्रामपूर तालुक्यात आमचं वरवट बकाल लागतं. काळी जमीन, कपाशीची शेतं. मी इथेच घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवते. आणि अर्धवेळ शिक्षिकेच्या वाट्याला हमखास काय येतं, तर मिरवणुकीची तयारी!

गेल्या वर्षीच्या शिवजयंतीला अकरा मावळे सजवायचे होते. मी तयार पोशाख मागवले. चकचकीत साटीनचे अंगरखे, पाठीला झिप, आणि सुरवार घसरू नये म्हणून आतून इलॅस्टिकचे गॅलिस. लेझीम रंगात आलं आणि एकाचा गॅलिस तुटला. पोर एका हातानं लेझीम अन् दुसऱ्या हातानं सुरवार सावरत उभं! सगळे हसले. मामंजी ओट्यावरूनच म्हणाले, "सूनबाई, हे मावळे हाये का बँडवाले?"

पण मला बोचलं ते निराळंच. अकरा ठरले होते, उभे दहाच होते. अकराव्याची आई शेतमजुरीला जाते. पोशाखाचे पैसे जमले नाहीत म्हणून तिनं त्याला त्या दिवशी घरीच ठेवलं. आणि मी आधी विचारलंही नव्हतं.

यंदा जानेवारीत आम्ही सहकुटुंब सिंदखेडराजाला गेलो. शेगाव, खामगाव, चिखली, देऊळगावराजा असा आपल्याच जिल्ह्यातला प्रवास, पण सकाळी निघालं तर दुपार होते. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊसाहेब इथे जन्मल्या. त्या दिवशी दर वर्षी तिथे अफाट गर्दी लोटते. म्हणून आम्ही मुद्दामच दोन-चार दिवस आधी गेलो. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जन्मस्थान, मोती तलाव हे सगळं शांतपणे पाहिलं.

लखुजीरावांच्या समाधीपाशी मात्र पाय थबकले. १६२९ मध्ये निजामशाही दरबारात त्यांना मुलांसह दगाफटक्यानं मारलं गेलं. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवराय जन्मले. म्हणजे पोटात बाळ असताना त्या माउलीनं माहेर गमावलं! आपण मुलांच्या अंगावर तो काळ चढवतो, तेव्हा साटीन अन् झिप शोभते का हो?

तिथेच झाडाखाली काही म्हातारे शेतकरी बसले होते. पांढरं धोतर, जाडंभरडं अंगातलं, डोक्याला पटका. शेजारून सहलीची मुलं गेली, तयार मावळ्याच्या वेशात, गुलाबी चमचमतीत. मनात आलं, यांतले मावळे कोणते? मावळे सह्याद्रीतल्या खोऱ्यांतले, आम्ही वऱ्हाडातले; पण शेतात राबणाऱ्याचं कापड सगळीकडे सुतीच.

घरी येऊन मामंजींना सांगितलं. त्यांनी माळ्यावरची पेटी काढायला लावली. तळाशी त्यांच्या वडिलांची बाराबंदी! बटण एकही नाही. बारा बंद, त्यांच्या सहा गाठी. तीच नमुन्याला घेतली.

तुम्हांलाही करायची असेल तर एवढं लक्षात ठेवा. कापड मांजरपाट घ्या. दहा वर्षांच्या मुलाच्या बाराबंदीला आणि गुडघ्यापर्यंतच्या चोळण्याला मिळून अडीच-तीन मीटर पुरतं. मांजरपाट आटतं, म्हणून बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. बंद त्याच कापडाचे, वीतभर लांब, दुहेरी शिवा. शिलाई मशीन एकोणिसाव्या शतकातलं, म्हणून दिसणारी टीप तरी हातानं घाला. इलॅस्टिक आणि झिपही पुढच्याच काळातली. पहिला कृत्रिम रंग विल्यम पर्किननं १८५६ साली काढला. तेव्हा भडक गुलाबी-जांभळं टाळा, पांढरा, हळदीचा पिवळा किंवा निळीचा निळा बरा.

राहिला प्रश्न गॅलिसचा. चोळण्याला रुंद नेफा शिवा, त्यात सुती नाडी ओवा, आणि वरून जुन्या धोतराचा शेला कमरेला दोन वेढे घट्ट बांधा. शेल्याचं टोक आत खोचलं की कितीही उड्या मारा, काही घसरत नाही. शेल्यात लाकडी कट्यारही नीट बसते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी पुढे आणलेल्या महाराजांच्या समकालीन चित्राकडे पाहा, कमरेला शेलाच आहे.

यंदा घरोघरची जुनी धोतरं गोळा केली, मांजरपाटाचा एकच तागा आणला. चार आया दुपारच्या वेळी माझ्या ओसरीवर शिवायला बसल्या. अकराव्या मुलाची आई संध्याकाळी कामावरून आली की बंद शिवायची. तिची टीप आम्हां सगळ्यांपेक्षा सुबक!

शिवजयंतीला अकराच्या अकरा मावळे उभे होते. एकाचीही गाठ सुटली नाही. मामंजी ओट्यावर होतेच. ते काही बोलले नाहीत. फक्त तो अकरावा समोरून गेला तेव्हा डोक्यावरचा पटका त्यांनी नीट सारखा केला.

तेव्हा पुढच्या वर्षी दुकानात जाण्याआधी घरातली जुनी पेटी एकदा उघडून पाहाल ना?