दुसरा तुकडा

पावसाळा सरला की आमच्या कोकणातल्या शाखेत कुरतडलेल्या नोटा यायला लागतात. कुणी तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या, कुणी पेटीच्या तळाशी, कुणी देव्हाऱ्यामागे. कुठे उंदीर लागलेला, कुठे वाळवी. घरात कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून लपवलेले हे पैसे बहुतेक बायकांचे. काउंटरशी येतात त्याही अवघडूनच.

नोट मळकी किंवा सरळ दुभंगलेली असेल तर अडचण नसते. दोन्ही भाग जुळले की लगेच बदलून देता येते. मधला भाग गेलेला असला की खरं काम सुरू होतं. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त भरला तर पूर्ण रक्कम, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, त्याखाली काहीच नाही. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. वाळवीने खाल्लेली कड वेडीवाकडी असते, तिथे नुसती फूटपट्टी पुरत नाही. म्हणून मी ड्रॉवरमध्ये आलेखाचा कागद ठेवते, त्यावर नोट पसरते आणि चौकोन मोजते. मागे रांग चुळबुळते. चुळबुळू दे. हे काम घाईचं नाही.

एका आजींनी रुमालाची गाठ सोडून पाचशेचा तुकडा पुढ्यात ठेवला. "बाय, काय देशील ते दे." मोजला तर ५५ चौकोन भरले. नियमाने अडीचशे. शिक्का मारला असता तर काम तिथेच संपलं असतं.

"आजी, दुसरा तुकडा कुठाय?"

"तो बारका. पेटीतच राहिला. त्याचं काय करायचंय?"

त्याचंच तर सगळं होतं. एकाच नोटेचे दोन तुकडे असतील आणि दोन्ही आपापले ४० टक्के भरले, तर पूर्ण रक्कम मिळते. मी नोट परत त्यांच्या रुमालात बांधून दिली. दुसऱ्या दिवशी आजी बारका तुकडा घेऊन हजर. तो ४१ चौकोन भरला, आणि पाचशे रुपये मिळाले.

हा प्रश्न विचारायला कुठलंही यंत्र येत नाही. तो कॅशियरनेच विचारायचा असतो. "तुमचं खातं इथे नाही" असं सांगून अशा माणसांना परत पाठवलं जातं, तेव्हा मला राग येतो. नोट बदलायला त्या शाखेत खातं असावं लागत नाही. परत गेलेली बाई मग बाजारात कमिशन कापून घेणाऱ्याला गाठते, आणि मिळेल ते घेते.

चुलीत पडून काळी झालेली, हात लावताच चुरा होणारी नोट मात्र आम्हाला घेता येत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयातच न्यावी लागते. आमच्या लोकांसाठी ते म्हणजे मुंबई. दोन-तीन जळक्या नोटांसाठी एवढं भाडं कोण घालवणार? ही सोय निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी यायला हवी.