डोळ्याची जागा

विमानाने प्रवास करण्याचा योग आता आपल्या वसईतील बहुतेक कुटुंबांना येतो. कुणाचा मुलगा आखातात असतो, कुणाची लेक कॅनडात नांदते. तरीही विमानाच्या अग्रभागी जी चिंचोळी खोली असते, जिला कॉकपिट म्हणतात, तिच्यात डोकावण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. २००१ च्या सप्टेंबरनंतर तर तिचे दार अधिकच भक्कम झाले. अशी एक खोली आमच्या धर्मग्रामातील एका कौलारू घराच्या माळ्यावर गेली तीन वर्षे आकाराला येत आहे. तिला पंख नाहीत, चाके नाहीत. जिन्यावरून ती खालीही उतरणार नाही. विमान चालविण्याचा सराव जमिनीवर बसून करता यावा, एवढाच तिचा उद्देश.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाचा तरुण राहत असे. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनविण्याचा कारखाना होता. एडविनला उडण्याचे वेड. परंतु विमानविद्येची शिकवणी अतिशय महाग. तेव्हा त्याने वडिलांच्या कारखान्यातील भाते, झडपा आणि हवेचे पंप घेऊन एक बुटके लाकडी विमान रचले आणि ते भात्यांवर तोलून धरले. दांडा डावीकडे कलविला की एका भात्यातली हवा निघून जाई, दुसरा फुगे आणि विमान डावीकडे झुके. १९३१ साली त्याला या यंत्राचे पेटंट मिळाले. आरंभी त्याला गिऱ्हाईक भेटले ते मात्र जत्रांत आणि करमणुकीच्या बागांत! १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याने टपाल वाहून नेण्याचे काम अंगावर घेतले, धुक्यात आणि रात्रीच्या काळोखात कित्येक वैमानिक प्राणास मुकले, तेव्हा कुठे सैन्याला या 'खेळण्या'ची आठवण झाली आणि सहा यंत्रे विकत घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या पेटीत बसून शिकले.

गुरुविद्यालयात असताना हार्मोनियमचे भाते दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे असे. कातड्याला कुठे चीर गेली आहे हे कानाने ओळखावे लागे. त्यामुळे ऑर्गनच्या भात्यांतून वैमानिक घडले हे वाचून मला जो आनंद झाला, तो इतरांना कदाचित अतिरेकी वाटेल.

माळ्यावरच्या या खोलीचे रचनाकार दोघे आहेत. एक आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर. सांताक्रूझच्या विमानतळावर देखभाल विभागात त्यांची सारी उमेद गेली. दुसरा त्यांचा नातू, वय तेवीस. त्यांनी नमुना निवडला तो बोइंग ७३७ चा. आतील प्रत्येक फळीची मापे सहज उपलब्ध असल्यामुळे जगभरातील हौशी मंडळी हेच विमान पसंत करतात.

मला वाटले होते की बांधणी खुर्चीपासून सुरू होत असेल. आजोबांनी माळ्याच्या वाशाला एक दोरी बांधली, तिच्या टोकाला एक मणी लटकावला आणि म्हणाले, "फादर, पहिली वस्तू ही. वैमानिकाचा डोळा इथे असणार. बाकी सगळं याच्यापासून मोजायचं." खऱ्या विमानातही असेच असते. अभियंते आधी हवेत एक बिंदू ठरवितात. त्या बिंदूपासून समोरची उपकरणे दिसली पाहिजेत आणि विमानाच्या नाकावरून धावपट्टीही दिसली पाहिजे. मग माणूस उंच असो वा ठेंगणा, त्याने खुर्ची वरखाली, पुढेमागे सरकवून आपला डोळा त्या बिंदूवर आणायचा. एअरबस विमानांत तर दोन काचांच्या मधल्या खांबावर तीन लहान गोळे बसविलेले असतात. एक दुसऱ्याच्या आड गेला की वैमानिकाने समजावे, आपला डोळा जागेवर आला.

त्या मण्यापासून मोजत मोजत एमडीएफच्या फळ्या कापल्या गेल्या. पायाखालचे दोन्ही सुकाणू-पेडल एकमेकांना जोडलेले. डावे दाबले की उजवे मागे येते. दोन्ही बाजूंचे चालन-दांडेही जोडलेले, म्हणून एकाने ओढला की दुसऱ्याच्या पोटाशी येतो. अक्षरांच्या पट्ट्या अॅक्रिलिकच्या: वर राखाडी रंग, त्यात अक्षरे कोरलेली आणि मागून एलईडीचा प्रकाश. डोक्यावरची कळफलकांची पाटी बसविताना छपराचा उतार आडवा आला. दोन दिवस खल करून अखेर सबंध कॉकपिटच नऊ इंच खाली घ्यावे लागले. सॉफ्टवेअरचे फारसे कौतुक मला करता येणार नाही. मायक्रोसॉफ्टचा या जातीचा पहिला कार्यक्रम १९८२ साली आला, आणि आज जगातील बहुतेक विमानतळ घरच्या पडद्यावर उतरवता येतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता नातवाविषयी. बारावीनंतर त्याला वैमानिक व्हायचे होते. वैद्यकीय तपासणीत त्याच्यापुढे ठिपक्यांची पाने ठेवण्यात आली. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ती पद्धती. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा. पुष्कळ पानांवर त्याला आकडा दिसलाच नाही. तांबडा आणि हिरवा हे रंग त्याच्यासाठी एकमेकांत मिसळतात, हे घरात त्या दिवशी प्रथमच कळले. व्यवसायाचे ते दार तेथेच बंद झाले.

ज्याला रंग कळत नाहीत त्याने शेकडो वायरी कशा जोडाव्यात? बाजारातील साधा रोधक घेतला तरी त्याचे मूल्य रंगीत पट्ट्यांनीच दाखविलेले असते. नातू पट्ट्यांकडे पाहत नाही, मल्टिमीटर लावून मोजतो. वायरींचा प्रश्न आजोबांनी सोडविला. त्यांनी एकाच रंगाची, पांढरी, वायर गुंडाळ्यांनी आणली आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची नळी चढविली. मी विचारले, "हे याच्यासाठी केलंत?" म्हातारबुवा चक्क रागावले. "याच्यासाठी कशाला? खऱ्या विमानात असंच असतं. मैलोगणती वायर असते. ओळखायला इतके रंग आणणार कुठून? तिथे वायर बहुधा पांढरी आणि अंगावर नंबर छापलेला. आम्ही सगळे नंबर वाचूनच काम करायचो." नातू खाली मान घालून डाग देत होता. त्याच्या कानांपर्यंत ते शब्द पोहोचावेत अशाच आवाजात ते उच्चारले गेले होते.

मुलाच्या आईला हे सारे सहन होत नसे. मिस्सानंतर एकदा ती थांबली आणि म्हणाली, "फादर, तुम्ही सांगा त्याला. नोकरीवरून येतो आणि माळ्यावर चढतो. जे मिळणार नाही त्याचा देव्हारा करून बसलाय." मी काही बोलण्यापूर्वीच तिने खरे दुःख उघडे केले. डॉक्टरांनी समजावले होते की हा दोष एक्स गुणसूत्रातून येतो आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. "म्हणजे माझ्याकडूनच गेलं ना हे त्याला?"

अशा वेळी शास्त्र नाकारणे हा अप्रामाणिकपणा ठरतो. मी तिला म्हटले, "होय, तुझ्याकडून गेलं. तुलाही कुणाकडून तरी आलं, तुझ्या नकळत. त्याचे हात मात्र कुणाकडून आले ते वर जाऊन बघ. मी त्याला काहीही सांगणार नाही." ती नाराज होऊनच घरी गेली. माझे मत आजही तेच आहे. बुद्धी आणि हात एकत्र राबवून तीन वर्षे जो मुलगा एक वस्तू उभी करतो, त्याला 'खेळणे सोड' असे सांगण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेणार नाही.

गेल्या पावसाळ्यात तिने मला माळ्यावर बोलावणे धाडले. ती उजव्या खुर्चीत अवघडून बसली होती, मी मागे पाटावर. समोर अर्धगोल पडद्यावर संध्याकाळची मुंबई. सत्तावीस क्रमांकाची धावपट्टी म्हणजे २७० अंशांकडे, पश्चिमेकडे तोंड असलेली, जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांबीची. "ही तिरकी का दिसते रे?" तिने विचारले.

येथे घरगुती रचनेची एक मर्यादा आड येते. मोठ्या सिम्युलेटरमध्ये एका विशाल वक्र आरशामुळे चित्र अनंत अंतरावर असल्यासारखे भासते, म्हणून दोन्ही वैमानिकांना धावपट्टी सरळ दिसते. घरच्या पडद्यावर ती एकाच डोळ्यासाठी सरळ राहू शकते, आणि ती जागा आजवर डाव्या खुर्चीची होती. नातवाने कीबोर्ड ओढला, दोन आकडे बदलले. चित्र सरकले. "आता?" आईला धावपट्टी सरळ दिसू लागली, त्याला स्वतःला ती तिरकी.

धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते. विमान योग्य उंचीवर असेल तर दोन पांढरे, दोन तांबडे दिसतात. खाली घसरले की तांबडे वाढतात. नातू तेजावरून अंदाज बांधतो, हे मला ठाऊक होते. आईलाही आजोबांनी आधी पढविले असावे.

"तीन तांबडे, एक पांढरा," ती म्हणाली.

त्याने इंजिनाची दांडी किंचित पुढे केली.

"अजून तीनच."

कौलांवर पाऊस वाजत होता. आजोबा जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

"दोन-दोन," ती म्हणाली. "आता दोन-दोन. तसाच ये."