उल्हास नदीच्या कांठीं एक वर्ष

मुंबईहून कर्जतच्या बाजूस निघालें म्हणजे कल्याणनंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर लागतें. स्टेशन कुळगांवांत, मूळ गांव पश्चिमेस. शिवकालीं येथें घोडे बदलीत म्हणून हें नांव पडलें, असें जुनीं माणसें सांगतात. ही व्युत्पत्ति आम्ही वैयाकरणांवर सोपवितों. पाहुणे येतात ते अंबरनाथचें शके ९८२ चें शिवालय पाहतात, बारवी धरणाकडे फेरफटका करतात आणि संध्याकाळच्या गाडीनें परततात. हिंवाळ्यापासून नदीच्या बाजूस जो धूर दिसतो तो वीटभट्ट्यांचा. तिकडे सहसा कोणी फिरकत नाहीं. सेवानिवृत्तीनंतरचें एक वर्ष आम्हीं तेथें घालविलें.

गांवांतील कांहीं तरुण भट्टीवरील मुलांसाठीं रोज सकाळीं दोन तास शाळा भरवीत. त्यांस मास्तर हवा होता, आणि आयुष्यभर शब्दरूपें घोकवून घेतलेल्या आम्हांस सकाळ मोकळी होती. शाळा म्हणजे आंब्याखालीं पसरलेलें गोणपाट. मुलें बहुतेक कातकऱ्यांचीं. पूर्वीं खैराचा कात काढीत म्हणून त्यांस हें नांव मिळालें. पुढें जंगल हातचें गेलें आणि मजुरी आली. पावसाळ्यांत घरचें धान्य सरलें कीं मालकाकडून उचल घ्यावयाची, दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर यावयाचें, आठवड्याच्या खर्चीवर भागवावयाचें. मजुरी हजार विटांमागें. हिशेब पावसाच्या तोंडावर. उचल फिटली नाहीं तर पुढलें वर्षही गहाण. बंधबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीं झाला. पण ज्यास स्वतःचा हिशेब वाचतां येत नाहीं, त्याच्या तो कामीं कसा यावा?

विटा पाडण्याचें काम मध्यरात्रीं सुरू होतें. त्यामुळें मुलें गोणपाटावर बसल्या बसल्या पेंगत. डुलकी घेणाऱ्यास उठवूं नये, हा धडा आम्ही साठी उलटल्यावर शिकलों. एक दहा वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन येई. पाढे तिला येत नव्हते, पण विटांच्या ओळी पाहून ती हजारांचा अंदाज बिनचूक सांगे. तिला आम्हीं वही दिली. रोजच्या विटा एका बाजूस, खर्ची दुसऱ्या बाजूस. बेरीज शिकली ती त्याच वहींत.

आमच्या घरींही त्या वर्षीं कांहीं हाललें. वाढत्या वयाच्या आत्याबाई प्रथम जुने कपडे मागील दारानें देत. चैत्रांत मुलें आलीं तेव्हां त्यांनींच माजघरांत पाट मांडून डाळ-पन्हें दिलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं; बोलण्यानें तें बिघडलें असतें.

वैशाखअखेर हिशेबाचा दिवस आला. मालकाच्या वहींत साडेचार हजार विटा कमी निघाल्या. मुलीचा बाप खालीं मान घालून उभा. मुलीनें आपली वही पुढें केली आणि तारखा वाचूं लागली. मालक प्रथम हंसला, मग कारकुनास बोलावून पानें चाळूं लागला. तास गेला. अखेर तीन हजार मान्य झाल्या, दीड हजार बुडाल्या. आम्हांस तें लागलें. तिच्या बापानें मात्र परततांना वाटेवर वही दोनदां मागून घेतली आणि उलटसुलट धरून पाहिली.

दिवाळीनंतर तें कुटुंब पुन्हां आलें. उचल मागल्याहून कमी होती. मुलीनें नवी वही मागितली. आम्हीं दोन दिल्या, दुसरी तिच्या आईसाठीं.