उघाडी

मोडनिंबच्या शेतकऱ्याला खारवटलेली जमीन नवी नाही. माढ्याच्या काळ्या रानात कालव्याचं पाणी जास्त झालं आणि निचरा राहिला नाही, की क्षार खालून वर येतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात मात्र मीठ समोरून येतं, दिवसातून दोनदा, भरतीबरोबर. तिथे बांधाच्या पोटात उघाडी त्याची वाट अडवून उभी असते.

तिला ना कडी, ना कुलूप. वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेली झडप, तोंड खाडीकडे. भरती चढली की खाडीचंच पाणी तिला दाबून मिटवतं. ओहोटी लागली की शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी तिला आतून ढकलतं आणि निघून जातं. ज्याला अडवायचं त्याच्याच जोरावर दार लावून घेणारी अशी राखणदारीण मला दुसरी माहीत नाही.

सोशिक आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष झालेलं तिला खपत नाही. झडपेत ओंडका अडकला, गाळ साचला, बिजागरी गंजली, की ती अर्धवट मिटते. मग अमावास्या-पौर्णिमेचं उधाण त्या फटीतून आत शिरतं. बाजूचा बांध चिंबोऱ्यांनी पोखरलेला असेल तर खांड पडते आणि उभं भात जातं. ते मीठ धुऊन काढायला पावसाळेच लागतात. पनवेलच्या संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाण दिले, पण खाडीचं पाणी शेतात ठाण मांडून बसलं तर त्यांचाही इलाज चालत नाही.

खारं पाणी अडवायची दुसरीही एक रीत आहे. नेदरलँड्समध्ये जहाजांसाठीच्या लॉकमध्ये, म्हणजे दारं असलेल्या जलमार्गाच्या कप्प्यात, दार सतत बंद ठेवता येत नाही. म्हणून तळाशी भोकांचा पाईप टाकून दाबाची हवा सोडतात. बुडबुड्यांबरोबर वर उसळणारं पाणी तळाने सरकणाऱ्या जड खाऱ्या पाण्याला अडवतं, आणि जहाज त्या पडद्यातून पार होतं. युक्ती सुंदर आहे. पण तिला कॉम्प्रेसर लागतो, वीज लागते, आणि थोडं मीठ तरीही आत येतंच. आपल्या भातखाचरांना उघाडीच हवी.

उघाडीला वीज नको, माणसं हवीत. पूर्वी गावकरी जोळ करून, म्हणजे एकत्र येऊन, बांध-उघाडी सांभाळत. १९४८ चा खारभूमी कायदा आला, पुढे १९७९ चा आला, जबाबदारी सरकारकडे गेली आणि जोळ विस्कटली. ती गावोगाव पुन्हा उभी राहायला हवी. आणि खारभूमीच्या सरकारी खात्याने बिजागरीचा खर्च मे महिन्यातच मंजूर करावा, खांड पडल्यावर नव्हे.