चौकटची सत्ती कुणाकडे?

बदाम सात हा पोराटोरांचा खेळ, असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या कंपूत बसावं. चौघांना तेरा-तेरा पानं. बदामची सत्ती पडली की वर राजापर्यंत, खाली एक्क्यापर्यंत लावत जायचं. लागणारं पान हातात असेल तर पास म्हणायचं नाही. सगळी हरामखोरी या शेवटच्या अटीतच आहे. कारण दुसरं काही लावता येत असेल तोवर सत्ती खुशाल दाबून ठेवता येते, आणि ज्याच्याकडे त्या रंगाची पानं साचलीत तो बसतो चरफडत.

आज डॉक्टर चरफडत होता. ‘‘चौकट सोडा ना राव!’’ सत्ती माझ्याकडे. मी किलवरची दश्शी, मग गुलाम असं सावकाश सरकवत होतो आणि चेहरा पोथी ऐकणाऱ्यासारखा ठेवून त्याला सिलिंडरचा भाव विचारत होतो. वहिनींना, म्हणजे त्याच्या सख्ख्या बायकोला, सगळं कळलं होतं. डोळ्यांनीच म्हणाल्या, दाबून ठेवा. स्वतःचं शेवटचं पान टाकून सुटल्या मात्र, आणि लगेच माझ्याकडे बोट: ‘‘अहो, यांच्याकडेच आहे!’’

रमीत पैसा जातो, ब्रिजला अक्कल लागते. इथे नुसता सूड, तोही फुकटात.

डॉक्टरच्या हातात चौकटचा राजा-राणी धरून एकेचाळीस गुण उरले. पुढचा डाव पिसताना तो माझ्याकडे बघून फार गोड हसला. त्या डावात इस्पिकची छक्की काही केल्या खाली येईना.